होडीच्या बॅटरीचं पाणी

चि. नील आणि चि. मही यांना,

गेल्या महिन्यात नीलचा फोन आला होता. तिकडे बर्फ पडलेला, गाडी सुरू होत नव्हती, नवी बॅटरी घालूनही नुसतं 'कट' वाजत होतं. मी म्हटलं, "काळी तार गाडीच्या अंगाला कुठे आवळलीय ते शोध. तो नट काढ, खालचा गंज आणि रंग खरवडून टाक, परत घट्ट कर." वीस मिनिटांनी पुन्हा फोन. "आजी, सुरू झाली! तुला कसं माहीत?"

मी म्हटलं, दारावर कोणी तरी आलंय, नंतर सांगते. दारावर कोणी नव्हतं. उत्तर फोनवर देण्याएवढं छोटं नव्हतं, एवढंच. नील, त्यानंतर तीन आठवडे तुझा फोन नाही, म्हणजे गाडी नीट चालत असणार. बरं झालं. तेवढ्या वेळात मी हे लिहून काढलं.

मला ते पिंपळखुटे काकांनी शिकवलं. तुमच्या आईला ते आठवायचे नाहीत, ती तेव्हा रांगत होती. मी नवी नवी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, लग्न होऊन नागपूरहून इथे जबलपूरला आलेली. तुमचे आजोबा लष्करासाठी वाहनं बनवणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस होते आणि आम्हाला कारखान्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून पिंपळखुटे काका. मूळचे पुलगावकडचे, वय पन्नाशीच्या पुढे, कारखान्याच्या बॅटरी-खोलीत मिस्त्री. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. मूलबाळ नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मे महिना होता. जबलपूरचा मे तुम्ही पाहिलेला नाही. दुपारी दाराची कडी धरवत नाही. आणि हे गृहस्थ सायकलवरून उतरले ते अंगात तपकिरी लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून. मला वाटलं, डोक्यात काही फरक असावा. आजोबा हसले. म्हणाले, "त्यांनाच विचार."

मी विचारलं. काका पायरीखालीच उभे राहून म्हणाले, "सूनबाई, अ‍ॅसिड सुताला खाते, लोकरीला खात नाही. सुती शर्ट घातला तं आठ दिवसांत चाळणी. हा पाहा, सहा वर्षं झाली."

"पण उकडत नाही का?"

"उकडते न. काहून नाही उकडणार?" असं म्हणून ते घरात गेले.

स्वेटर काकूंनी विणला होता, हे मला शेजारच्या बायकांनी सांगितलं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नाही.

ते कोणाच्या घरी बसत नसत. कपड्यावर कुठे तरी अ‍ॅसिडचा थेंब असेल आणि तुमच्या खुर्चीची गादी जळेल, हे त्यांचं कारण. सुरुवातीला लोकांना ते मानी वाटले, मग विक्षिप्त, आणि मग लोकांनी 'बसा' म्हणणंच सोडलं. चहा दिला तर उभ्यानं प्यायचे आणि कप स्वतः विसळून द्यायचे. तुमच्या आईला त्यांनी कधी उचललं नाही. बॅटरीत शिसं असतं आणि ते हातावरून सहज जात नाही, लेकरांना वाईट, असं त्यांचं म्हणणं. ती रांगत त्यांच्या पायाशी गेली की ते दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि वाकून तिच्याशी गप्पा मारायचे, एखाद्या साहेबाशी बोलावं तसे अदबीनं. "काय म्हणता बाईसाहेब? आज जेवल्या का?" आणि ती त्यांचा स्वेटर ओढायला बघायची.

बॅटरी तपासताना मात्र तेच हात फार मोकळे होत. त्यांची रीत ठरलेली होती. आधी काही न करता ऐकायचं. मग प्रत्येक जोडाला तळहाताची मागची बाजू लावायची. जो जोड गरम, तो सैल. मग काळी तार. "जाणारी तार सगळेच पाहतात," ते म्हणायचे, "परत येणारी कोणीच पाहत नाही. करंटाला घरी याले रस्ता नसला तं तो निघतच नाही, सूनबाई."

एकदा कारखान्याच्या फाटकातच एक ट्रक अडला. युद्धाचे दिवस जवळ आले होते, ओव्हरटाइम सुरू होता, खिडक्यांच्या काचांवर आम्ही काळा कागद चिकटवला होता. मागे पाच ट्रक खोळंबलेले. नवा तरुण इंजिनिअर ओरडत होता, "बॅटरी बदलो, जल्दी!" काका आले, ट्रकखाली गेले, चाकूनं कुठं तरी खरवडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन म्हणाले, "अब लगाओ सेल्फ." ट्रक सुरू झाला. चेसिसवर, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर, नवा रंग दिलेला होता आणि काळी तार त्या रंगावरच आवळली होती.

साहेब म्हणाला, "किस्मत अच्छी है तुम्हारी."

"जी साब," काका म्हणाले. "किस्मत रंग के नीचे थी."

आजोबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी खूप हसले. दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, तर ते ओशाळले. त्यांना हसवणं कठीण होतं.

आता होडीची गोष्ट. तिची सुरुवात मी इथे येण्याआधीची.

काकूंच्या पहिल्या वर्षश्राद्धाला काका तिलवारा घाटावर गेले होते. नागपूरच्या रस्त्यावर नर्मदा ओलांडायचा पूल आहे, तिथला हा घाट. गुरुजींनी पिंड मांडले, आणि नदीतून आवाज यायला लागला. कट. कट. कट. मोटर बसवलेली एक जुनी होडी होती, लिलावातून घेतलेली, आणि तिचा सेल्फ लागत नव्हता. होडी हल्लू बर्मनची. हल्लू मासेमार, तिशीतला. सोबत त्याची आई, जिला सगळे बऊ म्हणत. पात्रात वर जाऊन जाळी टाकायची तर त्या मोटरीखेरीज इलाज नव्हता. हँडल मारून इंजिन सुरू करायची सोय मोडलेली होती, सगळी भिस्त बॅटरीवर.

काकांनी तीन 'कट' सहन केले. चौथ्याला उठले. गुरुजी दर्भ धरून बसलेले आणि यजमान ओल्या धोतरात होडीत. हल्लू म्हणाला, "दद्दा, तुमाओ सराध चल रओ है!"

"वो रुकी रहेगी," काका म्हणाले. "बहुत सब्र वाली थी."

हे मला हल्लूनं पुढे सांगितलं.

काळी तार त्यांनी दहा मिनिटांत नीट केली. पण बॅटरी तरीही मरगळलेली. त्यांच्याजवळ पिचकारीसारखी एक काचेची नळी असायची. बॅटरीतलं अ‍ॅसिड तिच्यात ओढलं की आतली तरंगती कांडी किती वर येते त्यावरून बॅटरीची ताकद कळते. पुढच्या रविवारी ते ती नळी घेऊन पुन्हा गेले. बॅटरीला कुंकू लावलेलं होतं. त्यांनी विचारलं, पाणी कोणतं घालता?

बऊनं तांब्या दाखवला. रोज सकाळी नदीला हात जोडून ती तांब्याच्या तांब्यानं नर्मदेचं पाणी भरायची आणि बॅटरीच्या सहा खणांत थोडं थोडं ओतायची. मैयाच्या अंगावर जी चालते तिनं मैयाचंच पाणी प्यावं, यात तिला शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

काकांनी तांब्यात डोकावून पाहिलं आणि तो परत दिला. त्यांनी ती बॅटरी सायकलच्या कॅरियरला रबरी ट्यूबनं बांधली आणि घरी आणली. एक टाकाऊ बॅटरी त्यांनी स्वतः जिवंत करून ठेवली होती, ती होडीत बसवली. मग दर रविवारचा नेमच झाला. इकडची तिकडे, तिकडची इकडे, गढा वस्तीवरून, वीसेक किलोचं ओझं कॅरियरवर. आठवडाभर त्यांच्या व्हरांड्यात आजारी बॅटरी असायची. तिचे खण धुवायचे, नवं अ‍ॅसिड, नवं पाणी, मग बल्ब लावून केलेल्या त्यांच्या चार्जरवर ती हळूहळू बुडबुडे सोडत बसायची. तो वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्यांच्या स्वयंपाकघरात मात्र स्वयंपाक क्वचित व्हायचा. स्टोव्हवर किटली, तिच्या तोंडाला बसवलेली वाकडी काचेची नळी, नळीवर ओलं फडकं, आणि नळीखाली काकूंची लोणच्याची बरणी. वाफ थंड होऊन बरणीत थेंब थेंब पडायचं. बॅटरीला लागतं ते शुद्ध पाणी. कारखान्यात हौद भरलेले होते. तिथला एक थेंब त्यांनी आणला नाही.

एका रविवारी आजोबांनी आणि मी तुमच्या आईला घेऊन तिलवाऱ्याला जायचं ठरवलं. काका होडीतच होते. काठावर बऊ शेणीच्या विस्तवात गक्कड भाजत होती, कणकेचे जाड गोळे, आणि वांग्याचं भरीत. काम झाल्यावर काका आले आणि तिच्या चुलीशी बसले.

मी बघतच राहिले. इतक्या दिवसांत मी त्यांना कोणाच्या दारी बसलेलं पाहिलं नव्हतं. इथे वाळूच होती, जळण्यासारखी गादी नव्हती, हे खरं. पण ते मांडी घालून, स्वेटरच्या बाह्या वर सारून बसले होते आणि बऊ त्यांना दटावत होती. "और खाओ दद्दा. सूख के लकड़ी हो गए. कारखाने में कछू नईं खबाउत का?"

"गुड़ देते हैं, बऊ." शिशाच्या धुळीवर उतारा म्हणून कारखान्यात गूळ वाटत.

"गुड़! बैल हो का?"

आणि काका हसले. मोठ्यानं.

परतल्यावर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. मला नीटनेटकं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मी म्हटलं, "काका, दर आठवड्याला तीच बॅटरी कशी हो बिघडते?"

त्यांनी मला सगळं सांगितलं. नदीच्या पाण्यात चुना. त्याहून वाईट तो तांब्या. तांब्याचा कण बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटवर बसला की बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत उतरत जाते. कोणी वापरायला नको, काही नको.

"मग सांगून टाका ना त्यांना. बऊला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही का?"

"वाईट काहून वाटेल? तिलेच सांगायचं, बऊ, पाणी मैयाचंच घे. फक्त उकळून त्याची वाफ धर. किटली आहे, नळी आहे. दोन दिवसांत शिकून जाईल ते."

"मग?"

ते बरणीचं झाकण घट्ट करत राहिले. "सांगितलं की होडी ठीक होऊन जाईल न, सूनबाई."

 त्यांचा रविवार त्या आजारी बॅटरीवर उभा होता. एका वर्षात ते निवृत्त होणार, क्वार्टर सोडावं लागणार, पुलगावला पुतण्याच्या घरी एक खाट मिळणार. तोपर्यंत आठवड्यातला एक दिवस कोणी तरी त्यांची वाट बघत होतं. मी घरात गेले आणि गप्प राहिले. यात माझीही चूक आहे, ती इथे लिहून ठेवते.

मग युद्ध आलं. कारखान्याचा भोंगा वेळी-अवेळी वाजायला लागला आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. पहिल्या रविवारी काका जाऊ शकले नाहीत. दुसऱ्याही नाही. कोणाच्या हाती निरोप पाठवावा तर तिकडे जाणारं कोणी नाही. ते येता-जाता मला विचारायचे, "आज किती झाले, सूनबाई? पंधरा?" ते दिवस मोजत होते, तांब्यातलं किती पाणी बॅटरीत गेलं असेल त्याचे. तिसराही रविवार गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी दारात बऊ उभी. पाय धुळीनं पांढरे. विचारत विचारत आली होती. "जे बैटरी वारे दद्दा कां रहत हैं? तीन इतवार से नईं आए. बीमार तो नईं पर गए?"

मी तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. हल्लू कसा आहे विचारलं तेव्हा तिनं साधेपणानं सांगितलं. दोन दिवसांपूर्वी जाळी ओढून परत येताना होडीचं इंजिन बंद पडलं. सेल्फ मारला, कट. पुन्हा कट. प्रवाहानं होडी पुलाकडे नेली. हल्लूनं खांबाला हात लावून होडी थोपवायचा प्रयत्न केला आणि उजव्या हाताची दोन बोटं होडी आणि दगडाच्या मधे गेली. कापावी लागली. जाळं वाहून गेलं. "बच गओ, मैया की किरपा," ती म्हणाली. ती तक्रार करायला आलीच नव्हती. काका आजारी असतील म्हणून बघायला आली होती. पदराला गक्कड बांधून आणले होते.

काका पाळी संपवून आले. सायकल भिंतीला टेकवली. बऊनं त्यांनाही तेच सगळं सांगितलं. ते उभेच होते. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं, जे ते कधीही करत नसत.

"बऊ, बैटरी में आपका पानी नहीं चलता," ते म्हणाले. "नदी का पानी, तांबे का लोटा, दोनों से मरती है. मुझे पहले दिन से मालूम था."

बऊ त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम आउत रए, सो हमने समझी दवाई चल रई है."

"हाँ."

"तो पैलां काए नईं कई? हम बुरो मान जाते?"

"नहीं. आप मान जातीं. फिर मेरा आना बंद हो जाता."

 बऊनं पदराची गाठ सोडली आणि गक्कड पायरीवर ठेवले. "खा लइयो," म्हणाली. "अब का डालें, जो बता दो."

त्यांनी भरलेली बरणी आणून दिली, किटलीतून वाफ कशी धरायची ते सांगितलं, आणि बॅटरीत पाणी कसं घालायचं ते दाखवलं. किती, कुठपर्यंत, काचेच्या पेल्यानंच. तिनं बरणी डोक्यावर घेतली. मी आजोबांना सायकल घेऊन बसथांब्यापर्यंत पाठवलं. काका फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

सुट्ट्या पुन्हा सुरू झाल्यावर ते दोनदा तिलवाऱ्याला गेले. मी विचारलं, होडी कशी आहे? "एकदम ठीक. एका झटक्यात लागते." आणि हल्लू? "काही बोलत नाही बाप्पा. 'सब ठीक है दद्दा', एवढंच. चांगला आहे." थोडं थांबून म्हणाले, "बऊ चूल पेटवते अजून. मीच बसत नाही. आता मी त्यांची होडी निघाल्यावर जातो, सूनबाई. बरणी ठेवतो आणि येतो. भेटलो की ते चूल पेटवते."

त्यांच्या व्हरांड्यातला बुडबुड्यांचा आवाज बंद झाला. मला त्या शांततेची सवय व्हायला वेळ लागला.

जानेवारीत माझ्या वडिलांची तब्येत बिघडली आणि आम्ही नागपूरला निघालो. महिन्यानं परतलो तेव्हा काकांच्या क्वार्टरात दुसरं कुटुंब होतं. मुदतीआधीच त्यांनी राजीनामा दिला होता. व्हरांड्याच्या फरशीवर तेवढे बॅटरीचे दोन चौकोन उरले होते, अ‍ॅसिडनं पांढरे पडलेले. पुलगावच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नागपूरला जाताना, बसच्या खिडकीतून.

सकाळची वेळ, कडाक्याची थंडी. तिलवाऱ्याच्या पुलाच्या तोंडाशी बस थांबवली होती, कारण समोरून लष्कराचे ट्रक येत होते. मी खाली घाटाकडे पाहिलं. हल्लूची होडी काठापासून थोडी आत होती. बऊ होडीतच तांब्यात पाणी घेऊन उभी होती. तिनं हात जोडले आणि ते पाणी नदीतच सोडलं. हल्लूनं पट्टी बांधलेल्या हातानं सेल्फ मारला. एका झटक्यात इंजिन लागलं. होडी वळली आणि वरच्या अंगाला निघाली.

ती वळणाआड गेल्यावर झाडामागून काका पुढे आले. मी आधी त्यांना ओळखलंच नाही. घाटावरचा प्रत्येक माणूस घोंगडी-स्वेटरात गुरफटलेला आणि हे एकटे सुती शर्टात. शर्टाला बारीक बारीक भोकं. हातात पिशवी. ते बऊच्या चुलीच्या दगडांशी उकिडवे बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. लोणच्याची बरणी. किटली. मग एक तपकिरी गुंडाळी. ती त्यांनी दोन्ही हातांनी, अगदी जपून, दगडांच्या आत ठेवली. काकूंचा स्वेटर होता. एका टोकाला काचेची नळी थोडी बाहेर डोकावत होती.

मी आजोबांचा दंड धरला. "अहो, हाक मारा ना त्यांना."

त्यांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून हाक मारली, पण ट्रक जात होते, एकामागून एक, काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. काका उठले. होडी गेली त्या दिशेला मान किंचित कलती करून उभे राहिले, बिघाड शोधताना राहत तसे. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

शेवटचा ट्रक गेला आणि आमची बस सुटली. पुलावरून मी मागे वळून पाहिलं. होडीचा आवाज दूर जाऊन केव्हाच विरला होता. ते अजून ऐकत होते.